आजीचं सोनं मोडून साखरपुड्याची अंगठी करायची आहे, कुणी केलंय का?

पंचगंगेचं_पाणी

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्न ठरलंय (थँक्यू थँक्यू). मुलगी इचलकरंजीची, साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर. अंगठी हिऱ्याची घ्यायची असं दोघांचं ठरलंय, बजेट दीड लाखाच्या आत, कारण हॉलचा आणि जेवणाचा ॲडव्हान्स देऊन खिसा आधीच रिकामा झालाय. तर आई म्हणाली की आजीचं सोनं लॉकरमध्ये पडून आहे, कोण घालतंय आता, त्यातलं मोडीत दे आणि अंगठी घे. आजीला जाऊन दोन वर्षं झाली. लॉकरमध्ये आहे ते असं: एक कोल्हापुरी साज, पाटल्यांची जोडी, एक नथ, आणि एक जुनी कुंकवाची डबी आहे त्यात सगळी तुटकी-फुटकी भानगड, एकटी कुडी, बोरमाळेचे सुटे मणी, बाळाची अंगठी असलं काहीबाही.

शनिवारी आई आणि मी साज आणि पाटल्या घेऊन गुजरीत (कोल्हापूरची सराफांची गल्ली) आणि मग एका मोठ्या शोरूममध्ये जाऊन आलो. गुजरीतल्या एकाने पाटल्या काट्यावर ठेवल्या, ४७.१ ग्रॅम भरल्या, नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणाला १० टक्के घट जाईल, बाकीचं २२ कॅरेटच्या भावानं धरतो. शोरूमवाले म्हणाले आमच्याकडं जुन्या सोन्यावर शून्य टक्के घट, पण अंगठी आमच्याकडचीच घ्यायची आणि साज पण द्या, मग दोन लाखांची सॉलिटेअर (एकाच हिऱ्याची अंगठी) आरामात बसते. आजोबांच्या वहीत पाटल्यांचं वजन '४ तोळे २ मासे' असं लिहिलंय, म्हणजे ४० ग्रॅम आणि वर थोडं, आणि काटा ४७ दाखवतोय, सोनं वाढलं की काय?

मी शिरोलीला फौंड्रीत आहे. आमच्यात मेटल ओतायच्या आधी स्पेक्ट्रोला (धातू तपासायच्या मशीनला) सॅम्पल लावल्याशिवाय लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) हलत नाही, आणि इथं लाखांचा माल नुसता डोळ्यांनी बघून दहा टक्के म्हणतात, हे काय पटंना. कुणी केलं असेल तर सांगा.

तांबडा_पांढरा

भावा आधी अभिनंदन! पेढे कुठायत? आणि सोनं वाढत आसंल तर पत्ता दे, आमच्या पण दोन अंगठ्या तुझ्या लॉकरमध्ये ठेवतो.

गुजरीकर_काका

चि. पाणी, (नाव काय ठेवलंयस रे) अभिनंदन. मी चाळीस वर्षं सोनाराच्या बाकावर बसलोय, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून घरी. तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर देतो, लांब होईल.

आधी वजनाचं. सोनं वाढलेलं नाही, तोळा बारीक झालाय. आता आपण १० ग्रॅमला तोळा म्हणतो पण आजोबांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे, एका माशाच्या ८ गुंजा. म्हणजे ४ तोळे २ मासे हे झाले ४८.६ ग्रॅम. आता भरल्या ४७.१. दीड ग्रॅम कुठं गेलं? तुझ्या आजीनं भाकरी थापल्या, राखेनं भांडी घासली, त्यात गेलं. पाटलीची आतली बाजू बघ, गुळगुळीत झाली असंल. साठ वर्षांत दीड ग्रॅम म्हणजे बाईनं जपून वापरल्यात.

आता त्या दहा टक्क्यांचं. घट ही अंदाजानं सांगायची गोष्टच नव्हे. आधी टंच काढायचा. मशीन असतं, कुणी कॅरेटमीटर म्हणतं, दोन मिनिटांत शेकडा किती सोनं ते सांगतं. फक्त ते वरचा थर वाचतं हे लक्षात ठेव, म्हणून दोन-तीन जागी लावायला सांग, आणि सांध्यावर लावू देऊ नको, तिथं डाक (सांधा जोडायचा हलका धातू) असतो, टंच कमी दाखवणार. समज पाटल्या ८८.५ टंच निघाल्या, जुन्या मालात असा टंच निघतो. ४७.१ ला ८८.५ टक्के म्हणजे ४१.६८ ग्रॅम चोख, शुद्ध सोनं. ते २२ कॅरेटमध्ये, म्हणजे ९१.६ टक्क्यांनी भागलं तर ४५.५ ग्रॅम. आणि तो गडी तुला दहा टक्के कापून ४२.३९ ग्रॅमच धरणार होता. तीन ग्रॅमच्या वर गेलं की नुसत्या नजरेनं! हिशोबाला सोपं म्हणून चोख सोन्याचा भाव तोळ्याला लाख धर, तरी अठ्ठावीस हजारांच्या वर बसतात.

सगळे तसले नसतात हां. पण गिऱ्हाईकानं टंच मागितला नाही तर कोण आपण होऊन काढणार.

पंचगंगेचं_पाणी

काका हे भारी सांगितलंत, वहीचं कोडं सुटलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली आजी भाकरी थापताना पाटल्या कोपराकडं सारायची, तरी खाली यायच्याच. शोरूमच्या शून्य टक्क्यांचं काय मग? आणि साज द्यावा का?

गुजरीकर_काका

साजाला हात लावू नको. का ते उद्या सांगतो, आता बायको जेवायला हाक मारतेय.

माईची_लेक

मी केलंय, म्हणून लिहितेय. तीन वर्षांपूर्वी आईची मोहनमाळ देऊन अंगठी आणि कानातले घेतले, राजारामपुरीतून. शून्य टक्के घट होती आमच्याही वेळेला. पण झालं काय की अंगठीतल्या सोन्यावर मजुरी २२ टक्के लावली, हिऱ्याचा भाव त्यांनी सांगेल तो, आणि जीएसटी पूर्ण अंगठीवर ३ टक्के, फरकावर नाही. मला वाटलेलं जुनं सोनं वजा करून जेवढं उरेल त्यावर टॅक्स लागेल, तसं नसतं. म्हणजे घटीत सोडलेलं मजुरीत वसूल. मला फसवलं असं नाही म्हणणार, बिलावर सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही, मी अंगठी बघत होते.

आणि एक. मला वाटत होतं आईचं सोनं माझ्या बोटात आहे. नाही. काउंटरवरच्या मुलीनं मोहनमाळ एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकली, वर स्टिकर लावलं आणि आत नेली, आणि अंगठी शोकेसमधली दिली. मोहनमाळ कुठं गेली देव जाणे. मला ते घरी आल्यावर रात्री कळलं, नीट कळलं म्हणजे.

तांबडा_पांढरा

ताई डोळ्यांत पाणी आणलंसा.

मूळ_विटेकर

मोहनमाळ गलाईत गेली ताई. आमचं घराणंच त्या धंद्यातलं, आजोबा विट्याहून गेले ते केरळात, आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं भारतभर हेच करतात, जुनं सोनं-चांदी गाळून चोख काढायचं. सगळ्या दुकानांची मोड एकत्र होऊन येते, एका मुशीत पन्नास घरच्या बांगड्या असतात, त्यातलं कुणाचं कुठलं हे ब्रह्मदेवाला पण सांगता यायचं नाही.

आपलंच सोनं अंगठीत पाहिजे असेल तर एकच वाट, कारागिराकडे समोर बसून आटवायचं. आधी वजन, मग मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) टाकणखार घालून आटवायचं, लगड (सोन्याची कांडी) ओतायची, थंड झाली की परत वजन, आणि लगडीचा टंच. हा टंच खरा, कारण सगळं एकजीव झालेलं असतं. मोबाईलवर व्हिडिओ काढला तरी चालतो, चांगला कारागीर नाही म्हणत नाही. जो म्हणतो आत आटवून आणतो तुम्ही चहा घ्या, त्याचा चहा घेऊ नका.

आकडेमोड

(व्यवसायाने सीए, पण हा सल्ला फुकटातला आहे, तेवढाच धरा.)

आईंनी सहज म्हटलं असेल, पण जुने दागिने देऊन नवीन घेणं ही इन्कम टॅक्सच्या दृष्टीने विक्रीच आहे, पैसे हातात आले नाहीत तरी. दागिना ही भांडवली मालमत्ता धरतात. वारशाने आलेलं असल्यामुळे आजींचा काळही तुमच्या काळात धरला जातो, त्यामुळे २४ महिन्यांची अट सहज पूर्ण आणि नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. तेव्हा तोळा चार हजारांच्या आसपास होता, आता लाखाच्या पार गेलाय, म्हणजे जवळपास सगळी रक्कम नफाच. म्हणून जेवढं लागेल तेवढंच मोडा.

बाकी छोट्या गोष्टी. मोड विकून रोख मागितली तर दुकानदार एका दिवसात १० हजारांच्या वर देणार नाही, त्याला तो खर्च दाखवता येत नाही, बाकीचे खात्यावर. व्यवहार २ लाखांच्या वर गेला तर पॅन लागतो. तुम्ही स्वतः जुनं सोनं विकताना जीएसटी लागत नाही. कारागिराकडून तुमच्याच सोन्याची अंगठी करून घेतलीत आणि तो जीएसटीत नोंदलेला असेल, तर फक्त मजुरीवर ५ टक्के.

आणि आता मूळ प्रश्न, जो कुणी विचारलाच नाही. हे सोनं कुणाचं आहे? आजींनी मृत्युपत्र केलं होतं का? आजोबा आहेत का? वडिलांना बहिणी आहेत का?

पंचगंगेचं_पाणी

मृत्युपत्र नाही. आजोबा आधीच गेले. दोन आत्या आहेत, एक मिरजेला, एक गडहिंग्लजला. पण सोनं आईकडंच असतं पहिल्यापासून, आजीच तिच्याकडं देऊन ठेवायची.

आकडेमोड

मग ते तिघांचं आहे, तुमचे वडील आणि दोन्ही आत्या, समान हिस्से. आजींच्या अंगावरचं ते त्यांचं स्त्रीधन, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या पूर्ण मालकीचं, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगे, मुली आणि नवरा हयात असेल तर तो. लॉकरची किल्ली कुणाकडे आहे यावर मालकी ठरत नाही.

तांबडा_पांढरा

आता खरी पिक्चर सुरू. आत्याबाईंना कुणी फोन लावायचा?

गडहिंग्लजची_सून

मी तुझी आत्या नाही, घाबरू नकोस, गाव एकच आहे इतकंच. पण मी कुणाची तरी आत्या आहे.

माझ्या आईच्या तोड्यांची गोष्ट सांगते. आई गेल्यावर तोडे वहिनीकडे राहिले, मी कधी मागितले नाहीत, मला नकोच होते, चार तोळ्यांसाठी माहेर तोडायचं का. पाच वर्षांनी भाच्याच्या लग्नात गेले तर सुनेच्या गळ्यात नवीन नेकलेस. छान होता. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, सासूबाईंच्या तोड्यांचा केलाय. मी हसले, फोटो काढले, जेवले आणि परत येताना गारगोटीपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. मला हिस्सा नको होता रे. मला एक फोन हवा होता की आम्ही मोडतोय, एकदा बघून जा. मी आले असते, हातात घालून बघितले असते, आणि मीच म्हणाले असते मोडा म्हणून.

तेव्हा कायदा बाजूला ठेव आणि फोन लाव. आईला नको लावू देऊ, तू लाव. भाच्याला आत्या नाही म्हणत नाही.

माईची_लेक

+१, हजार वेळा.

गुजरीकर_काका

गडहिंग्लजच्या ताई बोलल्या ते खरं आहे. बाकावर असताना बघितलंय, मोड घेऊन आलेल्या माणसाच्या मागनं तासाभरात बहीण येते, आटवलं का हो म्हणून विचारत. आटवलेलं असतं.

आता साजाचं. साज काट्यावर ठेवला तर किती भरला? चाळीसच्या जवळपास भरला असंल आणि आई खूश झाली असंल. पण साजाचे जे जवमणी असतात ते आत लाखेनं भरलेले, वर सोन्याचा पातळ पत्रा. पानड्यांच्या (साजातल्या नक्षीच्या पानांच्या) मागं पण लाख असते. आटवला की लाख जळून धूर होऊन जाते आणि हातात येतं ते बघून गिऱ्हाईक आमच्यावर संशय घेतं. म्हणून दुकानदार आधीच भरमसाट वजा करतो, आणि चूक त्याची पण नाही, आत किती लाख आहे ते त्याला पण दिसत नाही. मशीन वरचा पत्रा वाचणार.

म्हणजे मोडीत साजाचे पैसे येणार थोडे, आणि गेलं काय? २१ पानं, त्यात दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचा ताईत. मासा, कासव, नाग, चंद्र, एकेक पानडी ठशावर ठोकून हातानं उठवलेली. माणिक-पाचू म्हणून जे असतं ते बऱ्याचदा काच असते, त्याचा एक रुपया मिळत नाही. तुला तसाच साज नवीन करायचा झाला तर मजुरीच बघून चक्कर येईल. जो दागिना करायला महाग आणि मोडायला स्वस्त, तो मोडायचा नाही. पाटली उलटी, भरीव, सरळ सोनं, कधीही मोड, भाव हलणार नाही. म्हणून घाई असंल तर पाटल्या, आणि घाई नसंल तर पाटल्या पण नको, आधी ती कुंकवाची डबी ओत.

पंचगंगेचं_पाणी

काका साज ३८.४ भरला होता आणि आई खरंच खूश झाली होती 😅

डबीचं डोक्यातच आलं नव्हतं. ती न्यायला लाज वाटत होती, सगळं वाकलेलं, काळं पडलेलं.

गुजरीकर_काका

अरे लाज कसली, मोड म्हणजे मोडलेलंच आणायचं की! बायका शाबूत दागिना घेऊन येतात आणि मोडकं घरात जपून ठेवतात, उलटा कारभार. काळं पडलेलं बघून दुकानदार नाक मुरडंल, मुरडू दे, मुशीत सगळं पिवळंच होतं. फक्त चुंबक लावून बघ, आणि घासून बघ, अशा डब्यांत चांदीवर मुलामा दिलेलं एखादं असतंच.

हिरकणी

हिऱ्याबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून येते. मी हिऱ्यांच्या ग्रेडिंगमध्ये काम केलंय, मुंबईत.

तुम्ही सगळे सोन्याच्या तीन ग्रॅमवर भांडताय आणि शोरूमवाला त्याला दोन लाखांची सॉलिटेअर द्यायला निघालाय, तिथं थांबा. त्या अंगठीत सोनं किती असणार? चार ग्रॅम, ते पण १८ कॅरेट, म्हणजे शेकडा ७५. (२२ कॅरेटमध्ये सहसा हिरा बसवत नाहीत कारण सोनं मऊ, नखं वाकतात आणि दगड पडतो.) म्हणजे चोख सोनं फक्त तीन ग्रॅम. तुझ्या चाळीस ग्रॅम चोख पाटल्या देऊन तू तीन ग्रॅम सोनं आणि बाकी दगड-मजुरी घेणार. सोनं कधीही, कुठल्याही गावात त्या दिवशीच्या भावानं जातं. हिऱ्याला असा भाव नाही, दुसऱ्या दुकानात न्या, निम्म्यापासून बोलणं सुरू होतं. हिरा घेऊ नका असं म्हणत नाहीये, माझ्या बोटात पण आहे. पण हिरा पगारातून घ्यायचा, सोन्यातून नाही.

घेताना: सर्टिफिकेट जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं, आणि त्याचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, भिंग मागून स्वतः वाचायचा. वजनाच्या बाबतीत (हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, सोन्यासारखी शुद्धता नव्हे) अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर भाव उडी मारतो. ०.५० ऐवजी ०.४६-०.४७ घे, बोटात घातल्यावर कुणाच्या बापाला फरक कळत नाही पण पैसे बरेच वाचतात. रंग जी-एच (डी म्हणजे अगदी पांढरा, पुढे पिवळेपणा वाढत जातो), आणि व्हीएस क्लॅरिटी (आतले डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत) पुरे. डी कलरच्या मागे लागू नकोस, तो भिंगवाल्यांचा शौक आहे. कट मात्र चांगलाच घे, चमक कटमुळे असते, बाकी कशामुळे नाही.

लॅबग्रोनचा विचार केला का? तोही हिराच आहे, कार्बनच, नुसता यंत्रात वाढवलेला. तेवढ्याच पैशात बराच मोठा येतो. पण परत विकायला गेलात तर जवळपास काही नाही, आणि भाव वर्षागणिक पडत आलेत. घालायचा आणि विसरायचा असेल तर उत्तम.

तांबडा_पांढरा

म्हणजे सोनं मऊ, हिरा कडक आणि नवरदेव कडका.

पंचगंगेचं_पाणी

😂😂 बरोब्बर.

बरं अपडेट देतो. काल रात्री तिच्याशी बोललो. मला वाटत होतं की तिला मोठा हिरा पाहिजे, कारण तिच्या बहिणीचा मोठा आहे. तर ती म्हणाली मोठा कशाला, मी लूमच्या ऑफिसमध्ये बसते, दिवसभर सुताच्या बाचक्यांत हात, वर उभा हिरा अडकत राहणार, बसका पाहिजे. आणि मग विचारलं की साज मोडणार होतात का खरंच? म्हटलं विचार होता. गप्पच झाली. मग म्हणाली लग्नात घालायला मला तोच द्या ना, आमच्याकडं कुणाचाच नाही. आता हे आधी कळलं असतं तर शोरूममध्ये एक तास कशाला घालवला असता.

आत्यांना उद्या फोन करतो. पोटात गोळा आलाय.

गडहिंग्लजची_सून

कर. आणि झाल्यावर इथे लिही, मी वाट बघतेय.

पंचगंगेचं_पाणी

केला. दोघींना.

गडहिंग्लजची आत्या म्हणाली तुला पाहिजे ते कर, फक्त नथ माझ्या लेकीच्या लग्नात एक दिवस दे. संपलं, दोन मिनिटांत.

मिरजेची आत्या मोठी. ती आधी गप्प बसली, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाली पाटल्या नको मोडू. आजीला ॲडमिट केलं तेव्हा हात सुजले होते, नर्स म्हणाली बांगड्या-पाटल्या काढा नाहीतर कापाव्या लागतील. आत्या रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या बेसिनपाशी आजीला स्टुलावर बसवून हाताला साबण लावून एकेक पाटली काढत होती, आणि आजी त्या अवस्थेत पण म्हणत होती, हळू ग, सांडशील. पाटली कुठं सांडणार? पण म्हणत होती. डाव्या हातातली निघायला अर्धा तास लागला. आत्या म्हणाली त्या माझ्या हातांनी उतरवल्यात, तुझ्या बायकोच्या हातात मीच घालणार, मग तुमचं तुम्ही बघा.

मला हे काहीच माहीत नव्हतं. आईला पण नव्हतं, ती तेव्हा घरी माझ्या बाबांजवळ होती.

तर पाटल्या रद्द, साज रद्द, नथ रद्द. राहिली डबी. डबीला दोघींचा होकार आहे, मोठी आत्या म्हणाली त्यातला बोरमाळेचा एक मणी मला काढून ठेव, बाकीचं घे.

गडहिंग्लजची_सून

❤️ आता मी जेवते.

आकडेमोड

दोघींचे होकार व्हॉट्सॲपवर लेखी घेऊन ठेवा. रागावू नका, सवय आहे.

तांबडा_पांढरा

सीएंच्या घरात लग्नपत्रिकेवर पण स्टँप लागत असणार.

मूळ_विटेकर

डबीचा निकाल कळवा, मला उत्सुकता आहे. मणी पोकळ असतील, त्यात लाख किंवा मेण असेल, तूट येईल, मनाची तयारी ठेवा.

पंचगंगेचं_पाणी

(चार दिवसांनी)

आज सुट्टी टाकून गुजरीत गेलो, काकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलेल्या माणसाकडं. जिना इतका अरुंद की खांदे घासतात. वर एका खोलीत चार बंगाली कारागीर, खाली मांडी घालून, प्रत्येकासमोर लाकडाचा ठोकळा आणि मांडीवर चामड्याची झोळी, भुगा पडला तर त्यात. डबी कागदावर ओतली. हळदीनं पिवळं झालेलं फडकं निघालं त्यात मणी बांधलेले, एकटी कुडी, कानातले दोन बारीक वेल, माझी बारशाची अंगठी (ती मी परत खिशात टाकली, आईनं बघितलं, काही बोलली नाही), नथीची तुटलेली तार, आणि एक बांगडीचा तुकडा जो मला सगळ्यात मोठा म्हणून आनंद झालेला तोच चांदीवर मुलाम्याचा निघाला. काका तुमचं तोंड गोड होवो.

एक मणी आत्यासाठी बाजूला काढून बाकीचं वजन ११.३ ग्रॅम. मुशीत टाकल्यावर आधी काळा धूर आला आणि उदबत्तीसारखा कसलातरी वास, लाखेचा. मग एकदम शांत झालं आणि मुशीत एक गोळा असा हलायला लागला, पारा हलतो तसा. आमच्याकडं दिवसाला टनांनी लोखंड वितळतं, पण असं वाकून कधी बघितलं नव्हतं. आई पदर तोंडाला लावून उभी होती, धुरामुळं असेल. लगड झाली ९.६ ग्रॅम, करंगळीच्या नखाएवढी. टंच ८६. म्हणजे चोख ८.२५.

अंगठी ठरली ३.९ ग्रॅमची, १८ कॅरेट, त्यात चोख जाणार तीन ग्रॅमच्या आतच. लगडीतलाच तुकडा कापून त्यात मिश्रधातू घालून माझ्या समोर १८ कॅरेटचं करणार. उरलेलं पाच ग्रॅमच्या वर चोख आहे ते हिऱ्याच्या पैशात वळतं केलं, म्हणजे हिरा पगारातून आणि थोडा डबीतून. हिरकणीताई, ०.४४ घेतलाय, जी कलर, व्हीएस, बसक्या कोंदणात. कडेवरचा नंबर भिंगातून वाचला, पहिल्यांदा उलटा वाचला.

एक शंका. हॉलमार्क होईल ना? ती हॉलमार्कचं म्हणत होती.

गुजरीकर_काका

होईल. कारागीर स्वतः लावू शकत नाही, ज्या नोंदणी असलेल्या सराफानं त्याला काम दिलंय त्याच्या मार्फत हॉलमार्किंग सेंटरला जाते, नगाला ४५ रुपये आणि वर जीएसटी. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा बघ: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी लोगो, १८के७५०, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की सराफाचं नाव, सेंटर, वस्तू सगळं येतं. १ एप्रिल २०२३ पासून ह्या सहा अक्षरी-अंकी नंबराशिवाय विकताच येत नाही. (२ ग्रॅमच्या आतल्या मालाला सक्ती नाही, तुझी ३.९ आहे, सक्ती आहे.) बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्याचं वजन वेगवेगळं लिहून घे, नाहीतर हिरा सोन्याच्या भावात मोजला जातो, वजन थोडं असलं तरी तत्त्व म्हणून.

आणि पाटल्या घरात राहणार आहेत तर त्यांचा टंच एकदा सेंटरवर काढून कागद करून ठेव, सामान्य माणसाला पण काढून देतात, चार नगांपर्यंत दोनशे रुपये. पुढच्या पिढीला परत ह्या धाग्यावर यायला नको.

हिरकणी

०.४४ मस्त. नंबर उलटा सगळेच वाचतात.

तांबडा_पांढरा

उरलेला १०० कोटींचा प्रश्न: पेढे?

पंचगंगेचं_पाणी

दावणगिरी लोणी डोसा चालंल का, पेढे साखरपुड्याला.

काका शेवटचं एक. साजाचा दोरा पार कुजलाय, लॉकरमधून काढताना दोन पानड्या हातात आल्या, मासा आणि कासव. आईनं त्या दुधाच्या पिशवीत घालून ठेवल्यात. लग्नाच्या आधी गाठवून घ्यायचाय. कुणाकडं देऊ?

गुजरीकर_काका

दुधाच्या पिशवीतनं आधी काढ त्या.

महाद्वार रोडला गाठवणारे बसतात, पण हातात देऊन परत यायचं नाही, समोर बसून करून घ्यायचं, तासाभराचं काम आहे. जायच्या आधी घरी पानड्या मोजून फोटो काढ, २१ भरल्या पाहिजेत. क्रम पण आधी लिहून ठेव, तो चुकला की जाणत्या बायका लांबूनच ओळखतात. आणि रेशीम लाल घ्यायचं का काळं ते सूनबाईंना विचारून ये, तिथं गेल्यावर फोन लावत बसू नको.